नारिंगी कागद लावलेली डबी

६ सप्टेंबर

एक जोराचा, दोन हलके. टक्, टप टप. टक्, टप टप. कवितेच्या तासाला आमचे गुरुजी टेबलाच्या फळीवर लाकडी पट्टीने असा ठेका धरायचे आणि अख्खा वर्ग त्या ठेक्यामागून धावत सुटायचा. टेबल आतून पोकळ होतं, त्यामुळे तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त वाजायचा. त्या वर्गातले किती जण आज असतील कोण जाणे. पण काल शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसलो आणि तो ठेका आपला आपण सुरू झाला. अजून थांबलेला नाही.

भिंगरी पडली. माझी एकुलती एक लेक. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिच्या आईने ठेवलेलं हे नाव. आता चाळिशी आली तरी मी तिला तेच म्हणतो. नाटकाला दिवे लावायचं तिचं काम. तालमीआधी शिडीवर चढून दिव्याचं तोंड वळवत होती. शिडी सरकली. पाठीच्या मणक्यावर पडली. कमरेखाली तिला काही कळत नाही.

तिच्या आईला हे बघावं लागलं नाही, असं सारखं मनात येतं. आणि लगेच वाटतं, ती असती तर निदान मला कुठे बसायचं ते तरी सांगितलं असतं. दिवसभर बाक बदलत होतो.

९ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं समजावलं. मणक्यातली दोरी तुटलेली नाही, चेंगरली आहे. म्हणाल्या, मार बसतो त्या क्षणी जेवढं बिघडतं त्याहून पुष्कळ नंतर बिघडतं. शरीर जखमेकडे मदत धाडतं, त्या मदतीला आलेल्या गर्दीनेच सूज चढते, आणि जखमी माणूस गर्दीच्या पायाखाली तुडवला जावा तशी चांगली नसही मरते. ही गर्दी आवरणारं एक औषध आहे. आधी सलाइनमधून द्यायचं, पुढे काही आठवडे गोळ्या.

पण अडचण अशी की औषधाची अजून परीक्षा चालू आहे. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. बाकीचे सगळे उपचार दोघांना सारखेच. भिंगरीने झोपल्या झोपल्या सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. "काळोखात उडी मारायची सवय आहे मला," म्हणाली.

खरं सांगायचं तर बाईंचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. गर्दी, पाय, तुडवणं यावरून मला एकदम शाळेच्या पुस्तकातलं ओढ्याचं चित्र आठवलं. काळ्या शाईतलं, काठावर एक मुलगा वाकलेला. त्याखालची कविता मनात सुरू झाली. भानावर आलो तेव्हा बाई गोळीच्या आवरणाबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि भिंगरी मान हलवत होती. मीही हलवली.

१७ सप्टेंबर

मोठ्या इमारतीतून मागच्या बैठ्या इमारतीत हलवलं. इथे उपचारांपेक्षा कामं जास्त. कूस बदलायची, पलंगावरून खुर्चीत सरकायचं, आपली औषधं आपण वेळेवर घ्यायची. म्हणून गोळ्यांची डबीसुद्धा ज्याच्या त्याच्या ताब्यात.

खोलीत दोन पलंग, मध्ये एक कपाट, त्याला दोन कप्पे. दुसऱ्या पलंगावर एक क्रेनवाली आहे. पन्नाशीची, भरदार, आवाज असा की खालच्या मजुराला वरून हाक मारायची सवय लगेच कळावी. इमारतींच्या वर आभाळात बसून तिने वीस वर्षं लोखंड उचललं, कधी पडली नाही. आणि एक दिवस भाजी घेऊन रस्ता ओलांडताना मोटारीने उडवली. हे ती हसत सांगते. "वरून सगळे मुंग्यांएवढे दिसतात हो. मला काय माहीत, मुंग्या इतक्या जोरात येतात."

तिला भेटायला कुणी येत नाही. बहीण लांबच्या गावी आहे. औषधाच्या त्याच परीक्षेत तीही आहे. डब्या हुबेहूब सारख्या, वर फक्त बारीक आकडे. भिंगरीने आपल्या डबीवर नारिंगी कागदाचा चौकोन चिकटवलाय, दिव्यापुढे रंग पाडायला लावतात तो कागद. तुकडा तिच्या कामाच्या सदऱ्याच्या खिशात निघाला. अगदी काटकोनात लावलाय. हात पलंगाबाहेर जात नाही, पण कागद वाकडा चालायचा नाही. पोरगी तिच्या आईवर गेली.

२२ सप्टेंबर

दुपारी दोघी गप्प पडल्या होत्या. मला राहवेना, मी ओढ्याची कविता म्हटली. पाठ आहे ती अशी:

ओढ्या, ओढ्या, धावुन धावुन दुखती ना रे पाय?
पाय थांबता डबके होतो, सांग करू मी काय?

 भिंगरीने भिंतीकडे मान फिरवली. मला वाटलं डोळा लागला. क्रेनवाली मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि मग खदखदून हसली. म्हणाली, "कविराज, दोन लंगड्या बायकांपुढे म्हणायला बरी कविता शोधलीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिने सोडलं नाही, पुन्हा म्हणायला लावली. तिसऱ्यांदा तर पलंगाच्या दांडीवर ठेका धरला. आता रोज म्हणा, असा हुकूम आहे.

क्रेनवालीला गोळी गिळता येत नाही, चावून खाते. व्यायाम घेणारा मुलगा रागावला तर म्हणाली, लहानपणापासून असंच, घशात अडकते मेली. भिंगरी मात्र एका घोटाबरोबर गट्ट करते.

३० सप्टेंबर

क्रेनवालीचा घोटा हलला. अगदी स्पष्ट. व्यायामवाला टाळ्या वाजवत होता, डॉक्टरीणबाई पळत आल्या. भिंगरीने पलंगावरूनच तिला शाबासकी दिली. तिच्या स्वतःच्या पायाला टाचणी टोचत होते तेव्हा ती छताकडे बघून "नाही", "नाही", "नाही" म्हणत होती. छताला कुठे दिवे टांगता येतील ते मोजत असावी.

घरी आलो. चहा केला, तसाच ओतून दिला. खुर्ची खिडकीपाशी नेली, परत आणली.

४ ऑक्टोबर

आज मला जे कळलं ते कळायला नको होतं.

सकाळी क्रेनवालीने गोळी तोंडात टाकली आणि चेहरा असा केला की मी विचारलं काय झालं. म्हणाली, कारल्याच्या सात पिढ्या आहेत हिच्यात. इतके दिवस खातेय, जीभ काही मानत नाही. मी भिंगरीला विचारलं, तुझी कशी लागते गं. "कशी लागायची? काहीच नाही," म्हणाली.

दोघी व्यायामाला गेल्यावर मी भिंगरीच्या डबीतली एक गोळी काढली आणि जिभेला लावली. गोड. चक्क गोड, शाळेबाहेर मिळायच्या पांढऱ्या गोळीसारखी. रुमालाने पुसून परत डबीत टाकली.  औषध कधी गोड असतं का? लेक माझी साखर खातेय. खरं औषध पलीकडच्या कप्प्यात आहे, आणि तिकडचा घोटा हलतोय.

७ ऑक्टोबर

गेले तीन दिवस काही वाचवत नाही. भिंगरीला सांगितलं तर तिचा धीर जाईल. न सांगितलं तर वेळ जाईल. सूज उतरवायची ती आत्ताच, पुढे उपयोग नाही, हे बाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, आणि ते मात्र मी ऐकलं होतं.

आज बाईंना व्हरांड्यात गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, खरी गोळी कडू असते का हो? त्या हसल्या. "आजोबा, ह्याचं उत्तर मी पहिल्याच दिवशी दिलंय तुम्हाला." तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. काय उत्तर दिलं होतं, ते पुन्हा विचारायची लाज वाटली. पण हसल्या म्हणजे काय ते मी समजलो.

माझी हयात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. तिथे अक्षरं उलटी वाचावी लागतात. भिंगरीची आई म्हणायची, ह्यांना उलटं झरझर वाचता येतं, सरळ गोष्ट तेवढी उशिरा कळते. ही गोष्ट मात्र मला वेळेवर कळली आहे.

९ ऑक्टोबर

केलं.

दोघी व्यायामाला गेल्या होत्या. दोन्ही डब्या काढल्या. नारिंगी कागद नखाने सोडवला, क्रेनवालीच्या डबीवर लावला, ती डबी भिंगरीच्या कप्प्यात. भिंगरीची, आता कागद नसलेली डबी क्रेनवालीच्या कप्प्यात. चष्मा घरी राहिला होता, कागद वाकडा बसला. काढून पुन्हा लावायला गेलो तर व्हरांड्यात खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. तसाच राहू दिला.

क्रेनवाली आत आली ती घामाने निथळत. आज दोन दांड्यांमध्ये तिला उभं केलं होतं. मला म्हणाली, कविराज, ओढा. मी सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला विसरलो. गेल्या साठ वर्षांत ही ओळ विसरलो नव्हतो. तिनेच पुरी केली.

मी तिच्यावर अन्याय केला असं म्हणता येईल का? तिचा घोटा आधीच हलतोय. तिला पुरेसं मिळालंय. भिंगरीला काहीच मिळालेलं नाही. असा हिशोब दिवसभर घोकतोय, पण गुरुजींची पट्टी काही ठेका धरत नाही. आपटते नुसती.

१० ऑक्टोबर

भिंगरी आज चमत्कारिक वागली. गेल्या गेल्या विचारलं, बाबा, काल कप्प्यात काही शोधत होतात का? मी म्हटलं, चष्मा. ती माझ्याकडे बघत राहिली, दिवा लावायच्या आधी जागा बघते तशी. मग म्हणाली, आकडे माझ्या डोक्यात पक्के बसतात, तुम्हाला माहीतच आहे. पन्नास दिव्यांचे आकडे पाठ असतात मला. मी म्हटलं, हो गं, लहानपणापासून हुशार तू. तिने सुस्कारा सोडला.

पुढे म्हणाली, उद्यापासून दुपारी येऊ नका, आम्ही खोलीत असू तेव्हाच, संध्याकाळी या. दमत असेल. डबी तिने आता उशीखाली ठेवली आहे. गोळी घेताना दिसली, नारिंगी कागद अगदी काटकोनात. म्हणजे काल वाटला तितका वाकडा लागला नव्हता. घाबरलेल्या माणसाला सगळंच वाकडं दिसतं.

निघताना क्रेनवाली म्हणाली, "कविराज, आमच्यावर राग नाही ना?" माझ्यावर रागवायचं सोडून ती मलाच विचारते. मला जिना उतरल्याचं आठवत नाही. मग लक्षात आलं, त्या इमारतीला जिनाच नाही.

१९ ऑक्टोबर

भिंगरीच्या डाव्या पायाचा अंगठा हलला.

तिने स्वतः हलवला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून तीनतीनदा करायला लावला. आपोआप उडणारा पाय वेगळा आणि हा वेगळा, म्हणाल्या. भिंगरी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, पुसायचं भान नाही. मी म्हटलं, औषध लागू पडलं. बाई म्हणाल्या, औषध असेल, शस्त्रक्रिया असेल, व्यायाम असेल, तिचं वय असेल. एका माणसावरून कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून तर परीक्षा. मला सांगता येतं. पण बोललो नाही.

कारण पलीकडच्या पलंगावर क्रेनवाली तापाने फणफणली होती. लघवीच्या नळीमुळे ताप, असं म्हणतात. व्यायाम बंद. घोटाही आज नीट हलला नाही म्हणे. तरी तिने उशीवरून हात उचलून भिंगरीला अंगठा दाखवला.

साखर खातेय ती. माझ्यामुळे.

२७ ऑक्टोबर

आज क्रेनवालीला सगळं सांगायचं असं ठरवून गेलो. फळं घेऊन गेलो. वाक्यं जुळवली होती, खिळ्यासारखा एकेक शब्द. तिचा ताप उतरलाय, पण पाय जड झालाय, उभं राहवत नाही. भिंगरी समोरच होती, क्रेनवाली एकटी अशी सापडेना. फळं सोलून दिली. कविता म्हणा म्हणाली. मी म्हटलं, घसा बसलाय.

रोज संध्याकाळी मी हेच सांगतोय. भिंगरी नुसती बघते.

३ नोव्हेंबर

गेलो तर पलीकडचा पलंग रिकामा. चादर ताणून बसवलेली. क्रेनवालीला बहिणीच्या गावाजवळच्या रुग्णालयात हलवलं. गोळ्या कधीच संपल्या होत्या. आता फक्त व्यायाम, तो तिकडेही होईल. भिंगरीने सांगितलं, तुमची वाट बघून गेली.

मी पलंगावर बसलो. नर्सने उठवलं.

२४ नोव्हेंबर

भिंगरी घरी आली. दाराशी चार पायऱ्या आहेत, खुर्ची कशी चढवायची ही काळजी मी आठवडाभर वाहत होतो. तिच्या नाटकवाल्या मंडळींनी ती सकाळीच मिटवली. रंगमंचाच्या जुन्या फळ्या आणून उतार ठोकला. वर अजून खडूच्या खुणा आहेत, कुणी कुठे उभं राहायचं त्याच्या. भिंगरी त्यावरून वर आली आणि म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी उजेडातून प्रवेश केला.

पायाला पट्टे बांधून, ओट्याला धरून ती उभी राहते. तेवढंच. पुढे किती, ते कुणी सांगत नाही. डावा पाय कामाला लागलाय, उजवा अजून पाहुणा आहे, हे तिचंच वाक्य.

ती आता घरात आहे, मला बरं वाटायला हवं. मी खोल्या मोजत फिरतो. कपाट आवरलं, परत आवरलं. भांडं पुसायला घेतो आणि पुसतच राहतो.

८ डिसेंबर

आज भिंगरीने विचारलं, बाबा, ओढा का म्हणत नाही आता? मी म्हटलं, लहान मुलांची कविता ती. ती म्हणाली, लहानपणी मला ताप आला की तीच म्हणायचात, आणि आई म्हणायची की औषधाने नाही, कंटाळून उतरला ताप. मी हसलो नाही. तिने खुर्ची अगदी जवळ आणली.

"बाबा, काय झालंय? मला माहीत असलेलंच सांगा, चालेल."

ह्या पोरीला काय माहीत असणार? मी म्हटलं, काही नाही, वय झालं.  मग डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी आवरणाचं काय सांगितलं ते आठवतं का, असं काहीतरी विचारू लागली. औषधाचं नाव निघताच मी तिला पुढे बोलू दिलं नाही. मी दूध उतू जाईल म्हणून उठलो. गॅसवर दूध नव्हतं.

मग बराच वेळ ती फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. नाटकाचं काम असावं.

१५ डिसेंबर

ठरलं. उद्या क्रेनवालीच्या बहिणीच्या गावचं तिकीट काढतो. क्रेनवालीचा पत्ता रुग्णालयातून मिळवीन. ती खुर्चीत असेल, कदाचित कायमची. तिच्यासमोर उभं राहून सांगीन, बाई, तुमचे पाय मी नेले. लेकीसाठी नेले, पण नेले. मग तिने वरून हाक मारायच्या त्या आवाजात काय म्हणायचं ते म्हणावं.

हे लिहिलं आणि छातीत तो ठेका पुन्हा सुरू झाला. टक्, टप टप. किती दिवसांनी. पण ह्या वेळी नीट ऐकलं तर छातीत नव्हता, बाहेरून येत होता. पोकळ लाकडावर, दमाने. टक्, टप टप. मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. आतून भिंगरी म्हणाली, बाबा, दार उघडा. बेल वाजायच्या आधीच म्हणाली.

उघडलं. उताराच्या वरच्या टोकाला, खडूच्या खुणेवर नेमकी क्रेनवाली उभी होती. एका हातात काठी, दुसरा चौकटीला, कपाळावर घाम, आणि मागे तिची बहीण, धरायला हात पुढे केलेले पण धरलेलं नाही. मी तोंड उघडलं, जुळवलेली सगळी वाक्यं सांडून गेली.

तिने काठी काखेत धरली, कोटाच्या खिशातून रिकामी डबी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. डबीच्या पोटावर नारिंगी कागदाचा एक कपटा अजून चिकटून होता. वाकडा.

"तुमच्या लेकीने त्याच संध्याकाळी ही परत दिली मला. गोळी बाहेरून सगळ्यांचीच गोड असते हो, चावल्यावर सगळ्यांचीच कडू." तिला दम लागला होता, तिने चौकट पुन्हा धरली. "खरी कुणाची, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. तो विषय सोडा. ओढा म्हणा, कविराज. एकदा उभ्याने ऐकायला आलेय."